रंगासाठी शेवाळ: हिमॅटोकॉकस, ड्युनालिएला की स्पिरुलिना?

रंगद्रव्यासाठी सूक्ष्म शेवाळ वाढवायचं म्हटलं की लोक आधी भाव विचारतात, आणि भावात हिमॅटोकॉकसचं लाल अ‍ॅस्टाझॅन्थिन वरचढ ठरतं. महाराष्ट्रात नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरड्या वजनाच्या ३ ते ५ टक्के रंग मिळतो, पण त्यासाठी आधी २०-२५ अंशांत हिरवी पेशी जपायची, मग नायट्रोजनचा पुरवठा तोडून प्रखर प्रकाशात ती लाल करायची, शेवटी जाड कवच फोडायचं. मध्येच बुरशी शिरली की अख्खी टाकी गेली. इस्राएलमध्ये केतुरा या किबुत्झमध्ये (सामूहिक वसाहतीत) हे पीक बंद काचनळ्यांत घेतात. तेवढं भांडवल असेल तरच विचार करा.

ड्युनालिएला खाऱ्या पाण्यातलं. मीठ आणि ऊन वाढलं की त्यातलं केशरी रंगद्रव्य बीटा-कॅरोटीन १० टक्क्यांपर्यंत जातं. ऑस्ट्रेलियातल्या हट लगूनमध्ये त्याचा मोठा व्यवसाय आहे. कोकणातली मिठागरं पाहून मोह होईल, पण पावसाळ्यात उघड्या तळ्याचा खारटपणा टिकत नाही. शिवाय पेशी इतकी बारीक की फडक्यात अडकत नाही, काढणीला यंत्र लागतं.

राहिलं स्पिरुलिना. काटेकोरपणे तो जिवाणूच, तरी धंद्यात त्याला शेवाळच म्हणतात. खाण्याचा सोडा घालून सामू (पीएच) ९-१० च्या पुढे ठेवला की इतर जीव फारसे टिकत नाहीत, आणि ३०-३५ अंश त्याला मानवतात. तामिळनाडूत ओनैयूरला ते मोठ्या प्रमाणावर पिकतं. त्यातलं निळं फायकोसायनिन हेच खरं उत्पन्न. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये गोळ्या-चॉकलेटं आणि च्युइंगगमसाठी स्पिरुलिनाच्या अर्काला रंग म्हणून परवानगी दिली, तेव्हापासून या निळ्याला वजन आलं.

हा निळा रंग पाण्यात विरघळतो आणि उष्णतेने उडतो, म्हणून सगळं कसब काढणीनंतरचं. गाळताना फडक्याखालचं पाणी बघा: निळसर झाक दिसली तर पेशी फुटतायत आणि कमाई वाहून जातेय. लगदा घट्ट पिळू नका. शेवया पाडून, थेट ऊन टाळून, हवेशीर ड्रायरमध्ये कमी तापमानाला झटपट वाळवा.

अर्क काढणं सुरुवातीला दुसऱ्यावर सोडा. टाकी बांधण्याआधी खरेदीदार फायकोसायनिनच्या किती टक्क्यांना काय भाव देणार ते लेखी घ्या, आणि पहिल्याच काढणीचा नमुना शिसं, आर्सेनिकसह प्रयोगशाळेत तपासून घ्या.