फिल्टर फॅन किट, हीट एक्स्चेंजर की पॅनेल एसी: बडोद्याच्या मे महिन्यातला हिशोब

जानेवारीत पास झालेलं इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल मे महिन्यात ट्रिप मारायला (आपोआप बंद पडायला) लागतं आणि शिव्या ड्राइव्हला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाला, बसतात. ड्राइव्ह बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. तो ओव्हर टेंपरेचर दाखवतो तेव्हा आत तापलेलंच असतं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी सावलीतला पारा ४४ ला टेकला, की बाजारात विकले जाणारे तीन उपाय कितपत चालतात, ते इथे तोललं आहे. तिन्ही एकाच पॅनेलवर, आकडेमोड करून. ब्रँडची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण सारख्या मापाच्या मालात बनावटीपेक्षा बसवण्याच्या पद्धतीनं जास्त फरक पडतो.

पॅनेल असं धरलं आहे: १२०० मिमी उंच, ८०० रुंद, ४०० खोल, रंगवलेला पोलादी पत्रा, भिंतीला टेकलेलं. आत १० एचपीचा म्हणजे साडेसात किलोवॅटचा एक ड्राइव्ह, २४ व्होल्ट १० अँपियरचा एसएमपीएस (डीसी पुरवठा करणारं युनिट), छोटा पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), चार-पाच कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे मोठे स्विच). ड्राइव्हचा लॉस ३ टक्के धरला तर २२५ वॉट झाले. एसएमपीएसचे फुल लोडवर ३०, आणि कॉन्टॅक्टर, पीएलसी, कूलिंगच्या पंख्याची स्वतःची उष्णता धरून आणखी ४५. सगळे मिळून ३०० वॉट, म्हणजे १०० चे तीन पिवळे बल्ब बंद पेटीत लावून ठेवल्यासारखं.

काहीच कूलिंग न लावता पत्रा किती उष्णता बाहेर टाकतो ते आधी बघा. भिंतीला टेकलेल्या पॅनेलचं उष्णता सोडणारं क्षेत्र नेहमीच्या सूत्रानं २.६६ चौरस मीटर येतं. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, आतल्या-बाहेरच्या फरकाच्या दर अंशाला, साडेपाच वॉट सोडतो. म्हणजे अख्खं पॅनेल एका अंशाला १४.६ वॉट. ३०० ला १४.६ नं भागलं की साडेवीस अंश. बाहेर ४४, आत ६४ च्या पुढे.

बऱ्याच ड्राइव्हना पूर्ण करंट ४० अंशांपर्यंतच मान्य असतो. पुढे ५० पर्यंत दर अंशाला साधारण १ टक्का करंट कापायचा असतो, काहींत त्याहून जास्त. तेव्हा इथे ५० ही शेवटची रेघ धरली आहे, तीही मोटर फुल लोडवर चालत नाही असं समजून. ट्रिप तरी दिसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मुकाट्यानं जातात. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास पुरतो आणि ७५ वर १६,०००. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. ट्रिप होत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं समजणाऱ्याला ही किंमत दोन-तीन वर्षांनी मोजावी लागते.

आता फिल्टर फॅन किट. १२० मिमीचा पंखा, दोन जाळ्या, दोन फिल्टर मॅट आणि एक थर्मोस्टॅट. सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त खपणारं. पुठ्ठ्यावर छापलेला हवेचा आकडा बहुधा नुसत्या पंख्याचा असतो, तासाला १६०-१७० घनमीटर. आत येताना एक मॅट आणि बाहेर जाताना दुसरी लागली की त्यातले निम्मे उरतात, म्हणजे ८० धरा. हिशोब सोपा आहे: घनमीटर भागिले ३.१, की दर अंशाला किती वॉट वाहून जातात ते मिळतं. ८० चे २६ झाले, त्यात पत्र्याचे १४.६ मिळवले की साधारण ४०. म्हणजे ३०० वॉटला साडेसात अंश वाढ, आत साडेएकावन्न. नवी कोरी मॅट असताना रेघ दीड अंशानं ओलांडली गेली. मॅट चोंदून हवा ३० वर आली की आत ५६. आणि मकरपुऱ्यात मॅट चोंदायला फार दिवस लागत नाहीत. ग्राइंडिंगच्या शेजारी असेल तर दर आठवड्याला उघडून बघावी.

किट वाईट नाही, पण ते बाहेरच्या हवेपेक्षा एक अंशही थंड करू शकत नाही, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

बसवताना होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या आहेत. पंखा वर लावून हवा बाहेर ओढायची, ही त्यातली पहिली. ‘गरम हवा वर जाते, म्हणून पंखा वर’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण त्यानं पॅनेलच्या आत ओढ तयार होते आणि मोकळ्या राहिलेल्या केबल ग्लँडच्या भोकातून, दाराच्या फटीतून, बिनगाळलेली धूळ आत येते. पंखा खालीच, हवा आत ढकलणारा. आतला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त राहिला की फटींतून हवा बाहेरच जाते, आणि पंख्यालाही गरम हवा झेलावी लागत नाही, त्याचं बेअरिंग टिकतं. दुसरी चूक म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी जाळी एकाच दारावर, जवळजवळ. हवा आखूड वाटेनं निघून जाते, ड्राइव्हला शिवतही नाही. खाली डावीकडे आत, वर उजवीकडे बाहेर, आणि ड्राइव्ह त्या तिरक्या वाटेवर. ड्राइव्हच्या वर-खाली १०० मिमी मोकळी जागा हवी, तिथून वायरिंग डक्ट नेऊ नये. तिसरी चूक थर्मोस्टॅटची. निळ्या नॉबचा घ्यायचा, तो तापल्यावर संपर्क जोडतो. लाल नॉबचा तापल्यावर तोडतो, तो हीटरसाठी. काउंटरवर घाईत लाल आला तर पंखा पहाटे फिरतो आणि दुपारी झोपतो. साध्या बायमेटल थर्मोस्टॅटचा फरक सात अंशांच्या आसपास असतो. ३५ वर लावला तर बंद व्हायला २८ लागतात, आणि बडोद्यात मे महिन्यातल्या रात्रीही पॅनेलच्या आत तेवढं उतरत नाही. पंखा चोवीस तास चालणार हे गृहीत धरून बॉल बेअरिंगचाच मागा, स्लीव्हचा नको.

बडोद्याजवळच्या नंदेसरीला मात्र हे किट लावू नये. तिथे केमिकलच्या कारखान्यांची वस्ती आहे, आणि हवेत आम्लाची वाफ किंवा गंधकयुक्त वायू असला तर फिल्टर मॅट तो अडवत नाही. पंखा तोच वायू दिवसभर कार्डांवर मारत राहतो. रिलेचे चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात. तिथे बंद पॅनेलच हवं.

बंद पॅनेलसाठी हवा-ते-हवा हीट एक्स्चेंजर मिळतो. आतली हवा आत फिरते, बाहेरची बाहेर, मधल्या पत्र्यांतून फक्त उष्णता ओलांडते. त्याची क्षमता वॉट प्रति अंश अशी लिहिलेली असते. २० चं मॉडेल आणि पत्र्याचे १४.६ मिळून ३४.६. ३०० वॉटला वाढ ८.७ अंश, आत ५२.७. तेही कमीच पडलं. पण इथे चोंदण्याची भीती बाहेरच्या बाजूलाच असते, आतली कार्डं स्वच्छ राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

पॅनेल एसीकडे मग सगळे वळतात. किंमत किटच्या कित्येक पट, वीज वेगळी, देखभाल वेगळी. पाटीवर ५०० वॉट लिहिलेलं वाचून निर्धास्त होऊ नका. तो आकडा आत ३५, बाहेर ३५ या स्थितीतला असतो, कॅटलॉगमध्ये एल ३५ एल ३५ असं लिहितात. शेजारीच एल ३५ एल ५० चा आकडा असतो, तो वाचायचा. लहान मॉडेलमध्ये तो निम्म्यापर्यंतही उतरतो. आणखी एक उलटी बाजू आहे: आत बाहेरपेक्षा थंड ठेवलं की तोच पत्रा उष्णता आत घेतो. बाहेर ४४ आणि आत ३५ ठेवायचे तर नऊ अंशांचे १३१ वॉट बाहेरून आत येणार, म्हणजे एसीनं ४३१ वॉट उपसायला हवेत. तोच सेटपॉइंट, म्हणजे आत ठेवायचं तापमान, ४० केला तर ३५८ पुरतात. २५ वर सेट करून ‘मस्त गार आहे’ म्हणणाऱ्या ऑपरेटरचा हात तिथून आधी दूर करा.

२५ चा खरा त्रास पावसाळ्यात. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांवरच दव पडतं. २५ च्या पॅनेलचं दार उघडलं की बसबार, टर्मिनल, पीएलसीचं तोंड, सगळ्यावर पाणी. दाराला लिमिट स्विच लावून दार उघडताच एसी बंद करायचा, आणि सेटपॉइंट ३५ च्या खाली न्यायचा नाही. कंडेन्सेटची (एसीत साठणाऱ्या पाण्याची) नळी सरळ उतारानं खाली न्यावी. मध्ये कुठे वर वळली किंवा केबल टायनं दाबली गेली की पाणी आतच तुंबतं आणि एक दिवस एसएमपीएसवर गळतं. मशीन शॉपमध्ये हवेत तेलाची वाफ असते, तिथे स्पंज फिल्टर चिकट होऊन बसतो. धुता येणारी धातूची जाळी घ्यावी.

दाबाच्या हवेवर चालणारे व्हॉर्टेक्स कूलर दिसायला सुंदर, एकही हलणारा भाग नाही. पण सुमारे २९० वॉट थंडावा द्यायला मिनिटाला १५ घनफूट (सीएफएम) हवा खातात, आणि ती हवा बनवायला कंप्रेसरचे जवळपास तीन किलोवॅट लागतात. तासभराची अडचण भागवायला ठीक. पेल्टियरचं, म्हणजे विजेवर थेट थंड होणाऱ्या चकत्यांचं, नाव या मापाच्या उष्णतेत काढू नये.

या सगळ्याआधी एक काम करायला हवं, आणि बडोद्यात ते फार कमी पॅनेलमध्ये केलेलं दिसतं. ड्राइव्हचा हीट सिंक, म्हणजे उष्णता सोडणारे धातूचे पंख, पॅनेलच्या बाहेर काढायचा. पुष्कळ ड्राइव्हना फ्लँज माउंटिंगची सोय किंवा जोडणी मिळते. मागच्या पत्र्यात चौकोनी खिडकी कापायची, गॅसकेट लावायची, ड्राइव्हचं इलेक्ट्रॉनिक्स आत आणि पंख बाहेर. पॅनेल भिंतीपासून मग दीडशे-दोनशे मिमी पुढे आणावं लागतं, हीच काय ती अडचण. ड्राइव्हच्या २२५ पैकी १५० वॉट असे परस्पर बाहेर गेले, तर आत उरतात १५०. आता तेच आकडे पुन्हा मांडा. फॅन किट, स्वच्छ मॅट: ४७.७. फॅन किट, मॅट चोंदलेली: ५०.२. हीट एक्स्चेंजर, पॅनेल पूर्ण बंद: ४८.३. जो माल मघाशी नापास झाला होता तोच पास झाला (चोंदलेल्या मॅटचं किट मात्र अगदी रेघेवर), आणि नंदेसरीच्या पॅनेलला एसीशिवाय वाट मिळाली. एसीच लावायचा झाला तरी ४० च्या सेटपॉइंटला तो आता ३५८ ऐवजी २०८ वॉटचा लागेल.

म्हणून आमचं मत: फ्लँज माउंटिंग शक्य असेल तर फॅन किट पैसे वसूल करतं, नसेल तर मकरपुऱ्याच्या उन्हाळ्यात ते नुसतं समाधान. हीट एक्स्चेंजर नंदेसरीसाठी, तोही फ्लँज माउंटिंगच्या जोडीनंच. एसी तेव्हाच, जेव्हा आतली उष्णता बाहेर काढायला दुसरी जागाच नाही.

कागदावरचा हिशोब पुरेसा नसतो, कारण वर दिलेले अंश हे पॅनेलच्या सरासरीचे आहेत. वरचा कोपरा त्याहून तापतो. कलाभवनातली (बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेतली) मुलं प्रोजेक्टला हा विषय घेणार असतील किंवा एखादा पॅनेलवाला पन्नास पॅनेलची ऑर्डर सुरू करण्याआधी चाचणी लावणार असेल, तर आराखडा असा असावा. ड्राइव्हच्या जागी, त्याच उंचीवर, वायरवाउंड रेझिस्टर बसवा आणि वॉटमीटर बघत २२५ वॉट सोडा. बल्ब टाळा, ते किरणांनी थर्मोकपललाच (तापमान मोजणाऱ्या तारेलाच) तापवतात. उरलेले ७५ त्यांच्या त्यांच्या जागी. के टाइप थर्मोकपल पाच: ड्राइव्हच्या ५० मिमी खाली, वरच्या कोपऱ्यात, तळाशी, बाहेर जाणाऱ्या जाळीपाशी, आणि पॅनेलपासून मीटरभर दूर सावलीत. पहिला सगळ्यात महत्त्वाचा, कारण ड्राइव्ह तीच हवा ओढतो. तासाभरात वाढ एका अंशाच्या आत येईपर्यंत थांबा. पॅनेलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६१४३९ मध्येही, स्थिरतेची कसोटी हीच आहे. वीस मिनिटांत वाचन घेऊन मोकळं होणाऱ्यांचे आकडे नेहमीच गोड येतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅट स्वच्छ, मग मॅटवर अर्धा पुठ्ठा, मग पाऊण; धूळ साचायची वाट पाहत बसायला नको. प्रमाणपत्र हवं असेल तर मकरपुऱ्यातच १९७४ पासून एर्डा ही विद्युत उपकरणांची चाचणी करणारी संस्था आहे, पण तिथे जाण्याआधी हे घरचं काम झालेलं असावं.

फॅन किट आणि एक्स्चेंजरची चाचणी डिसेंबरात घेतली तरी चालते. २८ अंशांत साडेसातची वाढ मिळाली तर ४४ मध्येही जवळपास तेवढीच मिळते, नुसती बेरीज करायची. एसीला ही सूट नाही. बाहेरचं तापमान वाढलं की त्याची ताकदच घटते. त्याची चाचणी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या शेडमध्येच घ्यावी लागते.