जोड दिसला नाही, कारण जोड नव्हताच

माझे एकूण ६,५०,००० रुपये गेले. त्यातले शेवटचे ५०० रुपये मी ज्या कारणासाठी दिले ते लिहिताना आजही कान तापतात. तरीही लिहितो आहे, कारण जुन्या बोलेरोची उघडी जीप करून घेण्याचे वेड माझ्यासारखे अनेकांना लागले आहे. अशा वर्कशॉपांमध्ये काय चालते हे साधारणपणे सगळ्यांनाच ठाऊक असते. पत्र्याच्या जागी पुट्टी, नव्याच्या पैशात भंगारातला गिअरबॉक्स आणि तीन महिन्यांच्या कामाला सात महिने, एवढे गृहीत धरूनच मीही गेलो होतो. मला ज्यात फसवले गेले ते मात्र माझ्या हिशेबात कुठेच नव्हते.

जून २०२२ मध्ये मी २००९ सालची बोलेरो २,३५,००० रुपयांना घेतली आणि रीतसर माझ्या नावावर करून घेतली. गाडी घेताना मी खाली झोपून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, हातोडीने ठोकून पाहिली होती आणि तिला गंज नव्हता, म्हणूनच तर विकणाऱ्याने मागितले तेवढे पैसे मी मोजले. बोलेरोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, २६८० मिलिमीटर असतो. चेसिस मधून १८ इंच कापून तो २२२३ वर आणायचा, वर जुन्या विलीज जीपच्या घाटाची उघडी बॉडी बसवायची आणि पुढच्या चाकांनाही ओढ द्यायची, असा बेत होता. मेव्हण्याच्या मित्राची अशीच जीप ज्या वर्कशॉपने केली होती तेथेच मी गेलो. मालकाने बॉडी थेट उघड्या जीपा बनवण्यासाठी नावाजलेल्या हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवू असे सांगितले. जीपचे वेड असणाऱ्यांना त्या गावाच्या नावाने काय होते हे मी वेगळे सांगायला नको.

अंदाजपत्रक ३,४०,००० रुपयांचे होते. चेसिस कापून जोडण्याचे ६५,०००, बॉडीचे ९०,०००, पुढचे हौसिंग (चाके फिरवणारे गिअर ज्यात असतात तो आडवा कणा) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ओढ पोचवणारी गिअरची पेटी) मिळून १,२०,०००, रंग, सीट आणि वायरिंगचे ४५,००० आणि 'आरटीओ पासिंग'चे २०,०००. हे सगळे एका जुन्या लेटरहेडच्या पाठीमागे पेनाने लिहिलेले होते आणि त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. पुढे 'जोडाला आतून पट्ट्या मारायच्या' म्हणून आणखी १८,००० गेले. पाच टायर मी वेगळे घेतले, त्यांचे ५६,५०० झाले, आणि या सबंध व्यवहारात पक्के बिल मिळाले ते फक्त टायरवाल्याकडून. वर्कशॉपला दिलेल्या ३,५८,००० पैकी १,५०,००० मी दोन दिवसांत यूपीआयने पाठवले, तेही मालकाच्या पुतण्याच्या खात्यावर, आणि उरलेले २,०८,००० रोख दिले. पुतण्याचा नंबर दिला गेला तेव्हाच थांबायला हवे होते, असे आता घरातली सगळीच माणसे म्हणतात. त्या वेळी त्यांच्यातले कोणी काही बोलले नव्हते, हेही नमूद करतो.

मी डोळे मिटून पैसे दिले असे मात्र कोणी समजू नये. सात महिन्यांत मी पाच खेपा घातल्या आणि प्रत्येक वेळी फोटो काढले. शिवाय माझा व्यवसायच लोखंडी शेड आणि गोदामांचे सांगाडे उभारण्याचा आहे. वेल्डिंग तपासणे, नापास करणे आणि पुन्हा करून घेणे हे मी बावीस वर्षे करतो आहे. माणूस स्वतःच्या धंद्यातल्या गोष्टीत फसतो तेव्हा लोक त्याची कीव करत नाहीत, हसतात. त्यांचे चुकते असेही मी म्हणणार नाही.

चौथ्या खेपेला, जानेवारी २०२३ मध्ये, बॉडी चढवलेली होती आणि खाली सर्वत्र काळ्या रंगाचा जाड लेप दिलेला होता. मी टॉर्च घेऊन खाली शिरलो आणि चेसिसच्या दोन्ही पट्ट्या पुढून मागपर्यंत हाताने चाचपल्या. मला जोड सापडला नाही. ग्राइंडरचा ओरखडा नाही, वेल्डिंगचा उंचवटा नाही, पत्रा किंचितही वाकलेला नाही. मी बाहेर आलो, वेल्डिंग करणाऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि असा हात मी माझ्या साइटवरसुद्धा पाहिला नाही असे सांगून त्याला ५०० रुपये बक्षीस दिले. त्या मुलाने मालकाकडे पाहिले. मालक चहा सांगायला निघून गेला. माझ्या कामावर एखाद्या ठेकेदाराने न दिसणारा जोड दाखवला असता तर मी त्याला तिथेच विचारले असते की, जोड केलाच आहे कशावरून?

त्यानंतरचे तर अधिकच लाजिरवाणे आहे. मी खिशातला टेप काढून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. ते २०३२ मिलिमीटर, म्हणजे नेमके ८० इंच भरले. ठरलेले माप २२२३ होते. साडेसात इंचांचा फरक मी मालकाला विचारला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, जरा जास्तच कापलं. घाटात वळायला बरं पडतं." मी ते मानून घेतले. ८० इंच हे विलीजचे माप आहे, युद्धकाळातल्या जीपचे आणि नंतर आपल्याकडे वर्षानुवर्षे बनत राहिलेल्या सीजे ३बीचेही. जीपवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा पाठ असतो, मलाही होता. तो टेपवर समोर दिसत असताना मी 'काय योगायोग आहे' असे मनात म्हणालो आणि खूश झालो.

माझी चेसिस कापली गेलीच नव्हती. भंगारातल्या एका जुन्या जीपची आखूड चेसिस घेऊन तिच्यावर माझे इंजिन बसवले होते आणि माझ्या बोलेरोच्या चेसिसवरचा नंबर कोरलेला तुकडा तेवढा कापून त्या चेसिसमध्ये वेल्ड केला होता. माझी गंज नसलेली चेसिस, बॉडी, दरवाजे, काचा, मागचे हौसिंग, सगळे बाहेर विकले गेले. म्हणजे ६५,००० मी न झालेल्या कापाचे दिले आणि १८,००० नसलेल्या जोडावरच्या पट्ट्यांचे. तुमच्यापैकी कोणी चेसिस कापून घेत असेल तर कापलेले तुकडे मागून घ्या. १८ इंच कापले म्हणजे दोन्ही बाजूंचे १८ इंचांचे दोन तुकडे जगात कुठेतरी असलेच पाहिजेत. मी कामावर रोज नमुन्याचे तुकडे मागतो, तेथे मात्र मागितले नाहीत.

गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये ताब्यात आली. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असे आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ओढ, टाकले की थोड्याच अंतरावर गिअर अडकून बसत असे. आंबोली घाटाच्या पायथ्याशी एका जुन्या मिस्त्रीने जॅक लावून, एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे दोन फेरे फिरवले आणि प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे हौसिंगकडे ओढ नेणाऱ्या दांड्याचे, फेरे मोजले. पुढे साधारण ५.३८ आणि मागे ४.८८ निघाले. हे दोन आकडे सारखे नसले की फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि गिअर अडकतो. दोन वेगवेगळ्या जीपांची हौसिंग होती ती. ही मोजणी करायला खडूचा एक तुकडा आणि दहा मिनिटे पुरतात. पैसे चुकते करण्यापूर्वी करा, नंतर तिचा उपयोग फक्त रक्तदाब वाढवण्यासाठी होतो.

गाडीच्या नोंदणीची १५ वर्षे ऑक्टोबर २०२४ मध्ये संपत होती. नूतनीकरणासाठी सप्टेंबरमध्ये मी ती तपासणीला नेली. 'पासिंग'च्या २०,००० रुपयांबद्दल मला एक शिक्क्याची पावती मिळालेली होती, ती मी मोठ्या विश्वासाने पुढे केली. निरीक्षकाने ती पाहून बाजूला ठेवली, कारण तसा शिक्का त्या कार्यालयात नव्हताच. मग त्याने नंबराभोवतीचा काळा लेप खरवडला आणि सात इंचांच्या चौकोनाभोवती वेल्डिंगची कड उघडी पडली. ती मीही पाहिली. अत्यंत गचाळ वेल्डिंग होते, मी नक्की नापास केले असते.

कायदा मी त्यानंतर वाचला. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. तेव्हा 'आरसीवर बोलेरोच राहील, पासिंगचं आमच्याकडे लागलं' असे कोणी म्हणाले तर तो तुमच्याकडून एका अशक्य गोष्टीचे पैसे घेतो आहे. मी हे आधी वाचायला हवे होते, मान्य आहे. पण रस्त्यावर अशा शेकडो जीपा उघड फिरताना दिसतात, त्यांना कोणी अडवत नाही, वर्कशॉपच्या पाट्या हमरस्त्यावर लागलेल्या असतात. अशा वेळी साध्या माणसाने कोणत्या खुणेवरून ओळखावे की हे बेकायदा आहे?

पोलीस ठाण्यात मी फिर्यादी म्हणून गेलो आणि दोन तासांत संशयित झालो. गाडी माझ्या नावावर, चेसिसच्या नंबरात छेडछाड झालेली, म्हणून पहिला प्रश्न मला विचारला गेला की ही जीप कोठून चोरली. ती शंका फिटल्यावर हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा, असे सांगण्यात आले. मी हटून बसलो तेव्हा गुन्हा २०२३ चा म्हणून जुन्या दंड संहितेचे ४२० लावायचे की जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेचे ३१८, यावर दोन अंमलदारांची अर्धा तास चर्चा झाली, आणि शेवटी कोणतेच लावले नाही. माझा अर्ज घेतला आणि पोच दिली. तीन आठवड्यांनी चौकशीला गेलो तर वर्कशॉपच्या मालकाचा जबाब झालेला होता. गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या चेसिसवर आम्ही काम केले, असे त्याने लिहून दिले होते. माझ्या पाच खेपांच्या फोटोंत बोलेरोची चेसिस उघडी पडलेली एकाही फोटोत नाही, कारण मी फोटो काढले ते रंगाचे आणि सीटचे. गाडी सोडण्यापूर्वी नंबरासकट सबंध चेसिसचा फोटो काढा आणि शक्य असेल तर कोपऱ्यात कोठेतरी स्वतःची एक खूण ठोकून ठेवा.

विमा कंपनीला विचारले तर बदल कळवले नाहीत म्हणून त्यांनी माझ्याकडेच खुलासा मागितला. ग्राहक आयोगाकडे मी जानेवारी २०२५ मध्ये तक्रार केली. तेथे दोन वर्षांची मुदत असते आणि गाडी ताब्यात आल्याला दोन वर्षे पुरी व्हायला जेमतेम महिना उरला होता. पोलिसांच्या आशेवर आणखी थोडा थांबलो असतो तर तेही दार बंद झाले असते. आजवर चार तारखा झाल्या. दोन तारखांना समोरचा आला नाही आणि एका तारखेला कामकाजच झाले नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे लेटरहेडची मागची बाजू, पुतण्याच्या खात्यावर गेलेले दीड लाख आणि काही व्हॉट्सॲप संदेश आहेत. ज्याला बिल द्यायचे नाही त्याला पैसेही देऊ नका, मग तो मेव्हण्याच्या मित्राचा कितीही जवळचा असो.

गेल्या महिन्यात आरटीओकडून नोटीस आली. विनापरवाना बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यांनी सहा बदल मोजून ३०,००० लावले आहेत. यादीतला पहिला बदल असा आहे: 'चेसिसची लांबी कमी केली, व्हीलबेस २६८० ऐवजी २०३२.' मी कार्यालयात जाऊन सांगितले की चेसिस कापलेलीच नाही, हीच तर माझी तक्रार आहे. तेथील लिपिकाने शांतपणे समजावले की नंबराच्या तुकड्याविषयी पोलिसांचा अहवाल येईपर्यंत त्यांच्या कागदोपत्री चेसिस तीच आहे, आणि तीच असेल तर ती कापल्याशिवाय आखूड होणार नाही. कापली नाही असे लेखी द्यायचे असेल तर चेसिस बदलली असे लेखी द्यावे लागेल आणि ते प्रकरण याहून मोठे आहे. मी दोन्ही दिलेले नाही. उत्तर देण्याची मुदत येत्या सोमवारी संपते.