ईएसपी३२साठी अर्डुइनो आयडीई की व्हीएस कोडमधलं प्लॅटफॉर्मआयओ?

ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) बोर्ड घेतला, आता कोड कशात लिहू, असं भाचा विचारत होता. अर्डुइनो आयडीई म्हणजे कोड लिहून बोर्डावर चढवायचं ॲप, तर प्लॅटफॉर्मआयओ हे व्हीएस कोड या एडिटरमधलं त्याच कामाचं एक्स्टेन्शन. दोन्ही फुकट, त्यामुळे पैशांचा मुद्दा निकालात. डाउनलोडही दोन्हीकडे शेकडो एमबींचं. मोबाइल डेटावर सुरू करू नका.

सुरुवातीला आयडीई सरळ: बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी३२ इन्स्टॉल करा, बोर्ड आणि पोर्ट निवडा, अपलोड. प्लॅटफॉर्मआयओत थोडं डोकं लावावं लागतं. फंक्शन वापरण्याआधी जाहीर करा, अर्डुइनोची हेडर फाइल स्वतः जोडा. आयडीई हे गुपचूप करून देतं. प्लॅटफॉर्मआयओच्या सीरियल मॉनिटरचा (बोर्डाकडून आलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीचा) वेगही मुळात ९६०० असतो. कोडमध्ये ११५२०० लिहिलं असेल तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो आणि माणूस बोर्डालाच दोष देत बसतो. प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये वेगाची एक ओळ टाकली की काम झालं.

खरा फरक लायब्ररींचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचा. आयडीईत त्या सगळ्या स्केचेसना (आयडीईतल्या प्रोग्रामना) सामायिक. अर्डुइनोजेसन ही लायब्ररी आवृत्ती ५ वरून ६ वर नेली की तिच्यातला जुना जेसनबफर वापरणारी जुनी स्केचेस कंपाइलच होत नाहीत. प्लॅटफॉर्मआयओत प्रत्येक प्रोजेक्टसाठी लायब्ररीची आवृत्ती त्याच्याच सेटिंगच्या फाइलमध्ये नोंदवता येते. नव्या लॅपटॉपवरही तीच उतरते. कोड चार-पाच फाइल्समध्ये विभागला की तर प्लॅटफॉर्मआयओ फारच सुखाचं.

एखादा सेन्सर, कॉलेजचा छोटा प्रोजेक्ट, वर्कशॉप यांसाठी आयडीई पुरे. वर्षभर सांभाळायचं काम, दोन-तीन प्रकारचे बोर्ड किंवा सोबत आणखी कोणी कोड लिहिणारं असेल, तर प्लॅटफॉर्मआयओच. भाच्याला तूर्त आयडीई सांगितलंय.