चिऱ्याचे घर आणि ६०० वॅटचे ड्रिल मशीन: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

धाकट्या मुलाच्या जन्माआधी, २०२३ च्या मार्च महिन्यात, आम्ही रत्नागिरीच्या बाजारातून घरगुती कामांसाठीचा ड्रिल मशीनचा संच ३,४०० रुपयांना विकत घेतला. समुद्रापासून अर्ध्या मैलावर असलेल्या आमच्या चिऱ्याच्या कौलारू घरात तेव्हा सासू-सासरे, आम्ही दोघे आणि पाच वर्षांची मुलगी राहत होतो. बाळ येणार म्हणून माजघर, ओटी आणि पडवी यांची मांडणी नव्याने करणे भाग होते. गावातील सुतारकाकांना आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, दिवसांत घरे शाकारण्याच्या कामांतून उसंत मिळत नाही, आणि एका फळीसाठी किंवा एका कडीसाठी त्यांना मोठे काम सोडून बोलावणे मला योग्य वाटेना. म्हणून हा संच घरी आला आणि गेल्या दोन वर्षांतील बहुतेक छोटी कामे मी स्वतः त्याच्या साहाय्याने केली. त्या अनुभवावर हा अभिप्राय आधारलेला आहे.

संचात ६०० वॅटचे, १३ मिलिमीटर चकचे (चक म्हणजे भोक पाडणारा बिट पकडून ठेवणारे जबडे) इम्पॅक्ट ड्रिल आहे. त्याला उलट-सुलट फिरवण्याची कळ, दाब कमी-जास्त केल्यावर वेग बदलणारा खटका, बाजूची मूठ आणि भोकाची खोली ठरवणारी सळई आहे. सोबत भिंतीसाठी चार आणि लोखंडासाठी पाच बिट, तारेचा गोल ब्रश, हातोडी, पाना, पकड, मोजपट्टी, पातळी तपासण्याची नळी आणि भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांसह स्क्रूंची पाकिटे मिळतात. मशीन उत्तम आहे, हे माझे मत आरंभीच सांगते. मात्र हा संच ज्यांनी ठरवला, त्यांच्या डोळ्यांपुढे शहरातील विटांची आणि काँक्रीटची भिंत होती, आमची चिऱ्याची भिंत नव्हती, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले.

माजघरात मुलीच्या पुस्तकांसाठी फळी लावायची होती. सोबतच्या पत्रकात भिंतीवर भोक पाडताना हातोडीचे चिन्ह असलेली कळ दाबावी असे लिहिले होते, म्हणून मी तसे केले, आणि ८ मिलिमीटरच्या बिटाने बोट सहज जाईल एवढे भोक पडले. गिट्टी आत सैल फिरू लागली आणि स्क्रू घट्ट होईना. दोष माझ्या हाताचा असावा असे वाटून मी शेजारी दुसरे भोक पाडले, तर तेथेही तोच प्रकार झाला. चिरा ज्या दगडाचा असतो तो जांभा एकजीव नाही. त्यात लोहाचा भाग कठीण असतो आणि मधल्या पोकळ्यांत मऊ माती भरलेली असते. खाणीतून काढलेला चिरा हत्याराने तासता येईल इतका मऊ असतो आणि वारा लागल्यावर टणक होतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, परंतु त्याचा ड्रिलशी काय संबंध, हे मला त्या दिवशी कळले. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात आणि बिटाला मिनिटाला हजारो लहान धक्के देतात. विटेला किंवा काँक्रीटला फोडण्यासाठी ते धक्के उपयोगी पडतात, पण जांभ्यात त्यांनी भोकाच्या कडाच ढासळतात.

त्यानंतर मी पद्धत बदलली. धक्क्याची कळ बंद ठेवून, मशीन केवळ फिरते ठेवून, कमी वेगाने आणि गिट्टीपेक्षा एक मिलिमीटर बारीक बिटाने भोक पाडले, तर ८ मिलिमीटरची गिट्टी हातोडीने ठोकूनच आत जाते आणि जागची हलत नाही. भोकातील तांबडी भुकटी सायकलच्या पंपाने उडवून टाकणे अत्यावश्यक आहे, कारण ती आत राहिली तर गिट्टीला धरायला काहीच उरत नाही. संचातील गिट्ट्या सव्वा इंचाच्या आहेत. आमच्या भिंतीला आतून जवळजवळ अर्ध्या इंचाचा गिलावा आहे, त्यामुळे त्या गिट्टीचा बराचसा भाग गिलाव्यातच राहतो. अडीच इंची गिट्ट्या वेगळ्या आणल्या. दोन चिऱ्यांच्या मधल्या सांध्यात भोक कधीही पाडू नये, विशेषतः जुन्या घरात, जेथे सांधे मातीचे आहेत. हे सर्व सांभाळून लावलेली ती फळी आज मुलीची पुस्तके, सासूबाईंची पोथी आणि वर ठेवलेला रेडिओ असे ओझे पेलते आहे आणि दोन पावसाळ्यांत तसूभरही झुकलेली नाही.

कपाट भिंतीला जखडण्याचे काम मी सर्वांत काळजीपूर्वक केले, कारण चालायला लागलेले मूल खणाला धरून उभे राहते आणि उंच कपाट त्याच्या अंगावर येऊ शकते. येथे गिट्टीवर विसंबावे असे मला वाटले नाही. १० मिलिमीटरचा लांब बिट आणून भिंत आरपार छेदली आणि पलीकडच्या पडवीच्या बाजूने लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळला. सव्वा फुटाची भिंत या मशीनने पार केली, मात्र मधून मधून बिट बाहेर काढून भुकटी झाडावी लागली आणि दर दोन-तीन मिनिटांनी मशीन थांबवून गार होऊ द्यावे लागले. त्याच कपाटाची पातळी तपासताना संचातील नळी चुकीची असल्याचे उघड झाले. नळी एका बाजूने ठेवल्यावर बुडबुडा मध्यावर दिसे आणि तीच नळी उलट फिरवून त्याच जागी ठेवली की बुडबुडा एका अंगाला सरके. विकत घेतानाच दुकानात अशी फिरवून पाहिली असती, तर ती मी नाकारली असती.

पाळण्याची गोष्ट वेगळी आहे. पाळणा भिंतीला नव्हे, तर माजघरावरच्या किंजळाच्या तुळईला टांगला जातो. संचात लाकडासाठी एकही बिट नाही, ही मला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण कोकणातील घरात लाकूड भिंतीइतकेच असते. भिंतीच्या बिटाने लाकूड कापले जात नाही, ते घासले जाऊन जळते आणि धूर येतो. सुतारकाकांनी त्यांच्या गिरमिटासारख्या पिळाचा, टोकाला बारीक स्क्रू असलेला बिट आणायला सांगितले. तो मशीनच्या चकमध्ये नीट बसला आणि जुन्या, हाडासारख्या टणक झालेल्या किंजळातून त्याने दहा मिनिटांत स्वच्छ भोक पाडले. त्यातून नटबोल्टची कडी घालून वर रुंद वॉशर बसवला आणि बाळाला पाळण्यात घालण्यापूर्वी २५ किलो तांदळाचे पोते दोन दिवस टांगून ठेवले. त्याच बिटाने ओटीच्या तुळईत माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) टांगण्यासाठी चार कायमच्या कड्या बसवल्या. दर भाद्रपदात स्टुलावर चढून सुतळी आवळण्याचे सासऱ्यांचे काम त्यामुळे वाचले आणि त्यांच्या वयाकडे पाहता मला ते फार मोलाचे वाटते.

आता बाहेरच्या कामांविषयी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि वारा समुद्राकडून असल्याने तो तिरपा येतो. पूर्वी पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा करीत असत. आता पडवीत मुलांचे खेळणे, वाळत घातलेले लंगोट आणि अभ्यासाचे बाक आल्यामुळे मला उजेड येईल असा आडोसा हवा होता. लाकडी चौकटींवर पारदर्शक पन्हळी पत्रे लावून मी तीन झडपा तयार केल्या, ज्या मे अखेरीस चढवता येतात आणि नवरात्रानंतर उतरवून माळ्यावर ठेवता येतात. पत्र्याला भोक पाडताना येथेही धक्का बंद ठेवावा लागतो, नाहीतर पत्रा तडकतो. भोक स्क्रूपेक्षा दोन मिलिमीटर मोठे ठेवावे, म्हणजे उन्हाने पत्रा फुगला तरी त्याला सरकायला जागा राहते, आणि स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर रबरी वॉशरसह लावावा, कारण खोलगट भागातून पाणी वाहते. लोखंडी अँगलला भोके पाडण्यासाठी संचातील बिट चांगले निघाले. वेग कमी ठेवून तेलाचा थेंब सोडत राहिल्यास त्यांची धार टिकते.

संचातील स्क्रू मात्र कोणीही बाहेर वापरू नयेत. पिवळसर मुलामा असलेले ते स्क्रू मी पहिल्या वर्षी झडपांना लावले आणि ऑगस्टपर्यंत चौकटीवरून तांबूस ओघळ उतरले. ऑक्टोबरमध्ये काढायला गेल्यावर दोन-तीन स्क्रूंची डोकी पान्याखालीच तुटली. खाऱ्या हवेतील क्षार लोखंडाला सतत ओलसर ठेवतात, हे त्याचे कारण आहे. दुसऱ्या वर्षी सर्व स्क्रू ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, त्यामुळे गंज फार हळू धरतो. अगदी समुद्रालगत घर असेल तर मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही प्रत अधिक टिकते, परंतु ती महाग आहे आणि मागवून घ्यावी लागते. आमच्या अंतरावर ३०४ च्या स्क्रूंवर एका पावसाळ्यानंतर किंचित डाग दिसले, इतकेच. संचाच्या किमतीच्या जवळपास एक पंचमांश रक्कम मी पुढे केवळ स्क्रूंवर खर्च केली आणि त्या खर्चाचे मला वाईट वाटत नाही.

तारेच्या ब्रशाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. तो मशीनला लावून खिडक्यांच्या गजांवरील जुना रंग झटपट निघतो, परंतु त्या रंगाची भुकटी घरभर उडते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या, विशेषतः भडक रंगाच्या तैलरंगांत शिसे असू शकते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातोंडात तीच भुकटी जाते. मी एक खिडकी अशी घासल्यावर थांबले आणि उरलेल्या खिडक्या ओल्या पॉलिश पेपरने, मुलांना आजोळी पाठवून, हळूहळू घासल्या. कोरड्या ब्रशाने काम करायचे असेल तर ते गंजलेल्या, रंग नसलेल्या लोखंडापुरतेच ठेवावे.

मशीनची मर्यादा न्हाणीघराच्या स्लॅबपाशी दिसली. सिमेंट काँक्रीटमध्ये ६ मिलिमीटरचे भोक ते पाडते, १० मिलिमीटरच्या भोकाला मात्र घाम फुटतो आणि मध्ये सळई लागली तर काम थांबते. त्यासाठी हवेच्या दाबाने हातोडा मारणारे रोटरी हॅमर लागते आणि ते एका दिवसासाठी भाड्याने आणणे शहाणपणाचे आहे. वायरला दोनच पिना आहेत, कारण मशीनला दुहेरी विद्युतरोधन आहे, तरीही पडवीत ओल्या जमिनीवर उभे राहून काम करण्यापूर्वी घराच्या मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, बसवून घ्यावी. आम्ही ती बाळाच्या जन्माआधीच बसवली होती.

सांभाळण्याविषयी सांगायचे, तर पहिल्या पावसाळ्यात मशीन त्याच्या बंद प्लास्टिकच्या पेटीत, अडगळीच्या खोलीत राहिले आणि सप्टेंबरमध्ये गणपतीसाठी काढले तेव्हा मुठीवर बुरशी होती, चकच्या जबड्यांवर गंज चढला होता आणि किल्ली फिरेना. तेल सोडून, घासून ते पूर्ववत झाले. आता जूनच्या आधी चक आणि बिट यांना मशीनचे तेल पुसून लावते आणि पेटी स्वयंपाकघराच्या कोरड्या बाजूच्या माळ्यावर ठेवते. पेटीच्या बिजागऱ्या मात्र सहा महिन्यांतच तुटल्या.

दीड वर्षाने मशीनमधून ठिणग्या दिसू लागल्या आणि जळका वास येऊ लागला. कंपनीच्या सेवा केंद्राने ते कोल्हापूरला पाठवावे लागेल आणि तीन आठवडे लागतील असे सांगितले. मी ते रत्नागिरीतील मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे नेले. त्यांनी मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले आहेत हे पाहताक्षणी ओळखले आणि पंधरा मिनिटांत जोडी बदलून दिली.

नव्याने घेणाऱ्यांना माझा सल्ला असा आहे की याच क्षमतेचे मशीन संचाशिवाय घ्यावे आणि उरलेल्या पैशांतून भिंतीसाठी ५, ७ आणि १० मिलिमीटरचे चांगल्या प्रतीचे बिट, लाकडासाठी पिळाचे दोन बिट, अडीच इंची गिट्ट्या, स्टेनलेसचे स्क्रू, डोळ्यांवर लावायचा चष्मा आणि एक विश्वासार्ह पातळीनळी घ्यावी. काँक्रीटच्या सदनिकेत राहणाऱ्यांना हा संच जसा आहे तसा पुरेसा ठरेल. मशीनला मी पाचपैकी साडेचार गुण देते आणि सोबतच्या साहित्याला दोन. या मे महिन्यात मागच्या पायऱ्यांना कठडा बसवायचा आहे, कारण धाकटा आता परसदारी धावू लागला आहे. त्यासाठीचे बोल्ट आणून ठेवले आहेत आणि कार्बन ब्रशची एक जादा जोडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे.