जळगावचा वीकेंड प्रोजेक्ट मॅनेजमेंट क्लास : माणसांचा भाग भारी, सॉफ्टवेअरचा भाग पाणचट

सॉफ्टवेअर शिकायला जाणार असाल तर जाऊ नका, माणसांकडून काम कसं काढून घ्यायचं ते शिकायचं असेल तर डोळे झाकून जा. एवढं वाचून थांबलात तरी चालेल, पुढचं ज्यांना फी भरायच्या आधी खोदून विचारायची सवय आहे त्यांच्यासाठी.

क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली थोडं उणंदुणं काढणार आहे. शनिवार-रविवार बॅच, फी अठरा हजार, वर जीएसटी वेगळा, जो फोनवर कोणी सांगत नाही. बॅचमध्ये बहुतेक एमआयडीसीवाले, चटई, पाइप, डाळमिल, काही भुसावळहून अप-डाऊन करणारे, एक जण साक्रीकडच्या सोलरवर काम करून आलेला. मी स्वतः कोल्ड स्टोरेज आणि केळी पिकवायचे रायपनिंग चेंबर उभारणाऱ्या कंत्राटदाराकडे साइटवर असतो, रावेर-सावदा पट्ट्यात जास्त, त्यामुळे माझं मत त्या अंगाने आहे हे धरून चाला.

आता भारी काय ते. सर धरणांच्या कामांवर आयुष्य काढलेले, पीपीटी लावतात पण तिच्याकडे बघत नाहीत. टीम जमते, मग भांडते, मग रुळते, मग पळायला लागते, हे टकमन या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलेलं मॉडेल सगळे क्लास शिकवतात, यांनी ते दहा मिनिटांत उरकलं आणि सरळ नाटक करायला लावलं. एक जण साइट मॅनेजर, एक जण फॅब्रिकेटर. फॅब्रिकेटरच्या हातात चिठ्ठी, तिच्यात खरी गोष्ट लिहिलेली: पॅनल आलेच नाहीत, ॲडव्हान्स दुसऱ्या कामात घातला. मॅनेजरने पाच मिनिटांत ते बाहेर काढायचं. पहिले तिघं चौघं जण आपलं नेहमीचं, काम कुठवर आलं, कधी होईल, आणि समोरून आपलं नेहमीचं उत्तर, हुई जाई ना भाऊ. मग डाळमिलच्या अकाउंट्समधल्या एक ताई उठल्या, त्यांनी विचारलं, पॅनल आत्ता कुठे आहेत दादा, गोडाऊनला का गाडीत, गाडीत असतील तर बिल्टी दाखवा. संपलं ना! फॅब्रिकेटर झालेला पोरगा हसायलाच लागला. पण सरांनी खरी गोष्ट त्याच्या पुढची दाखवली, की खरं कळल्यावर ताई ओरडल्या नाहीत, पॅनल सुटायला किती पैसे लागतील एवढंच विचारलं, कारण वाईट बातमी सांगणाऱ्याला झापलं की पुढच्या वेळी ती बातमी तुमच्यापर्यंत येतच नाही. हे मला साइटवर इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

क्रिटिकल पाथही, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची वेळ ठरते ती, झकास शिकवला. 1957 च्या सुमाराला ड्यूपाँटमध्ये हे तंत्र कसं आलं वगैरे दोन वाक्यांत सांगून सरांनी शंभर माणसांची भरीत पार्टी प्लॅन करायला दिली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला 40 मिनिटं, सोलायला 20, लाकडी बडगीत ठेचायला 15, फोडणीला 15, झाले 90. तिकडे पुऱ्यांना कणीक भिजवण्यापासून तळेपर्यंत 50, म्हणजे पुऱ्यांकडे 40 मिनिटांचा फ्लोट, मोकळा वेळ. मग पुऱ्या लाटायला दहा बाया जास्त बसवल्या तरी पंगत एक मिनिटही लवकर बसत नाही, वांग्यांसाठी दुसरा जाळ लावला तर बसते. वांगी बामणोदचीच पाहिजेत यावर मात्र यावलवाल्यांनी अर्धा तास खाल्ला.

आणि आता बोंब. एमएस प्रोजेक्टला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरला, वेगळे सर, तीन जणांत एक लॅपटॉप, ते क्लिक करणार आणि आपण बघणार. बेसलाइन, म्हणजे मूळ प्लॅनची प्रत, सेव्ह करायचीच राहिली, मग प्लॅन कितीने घसरला ते मोजणार कशावर? अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत प्लॅनशी आणि खर्चाशी ताडून बघणं, ती तर शेवटच्या तासात सूत्रं फळ्यावर लिहून गुंडाळली, वास्तविक ती एका उदाहरणात कळते. काम 10 लाखांचं, दोन महिन्यांत 4 लाखांचं व्हायला हवं होतं, झालं 3 लाखांचं, खर्च 4.5 लाख. 3 भागिले 4 म्हणजे एसपीआय, वेळेचा निर्देशांक, 0.75, काम मागे. 3 भागिले 4.5 म्हणजे सीपीआय, खर्चाचा निर्देशांक, 0.67, पैसा जास्त जातोय, आणि असंच चाललं तर 10 लाखांचं काम 15 लाखांना पडणार. मालकाला हा 15 चा आकडा दुसऱ्याच महिन्यात सांगता येतो, हेच तर त्यातलं सोनं आहे, आणि तेच राहिलं. हा भाग घरी करा, प्रोजेक्टलिब्रे हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एमएस प्रोजेक्टच्या फाइलीही उघडतं.

अजून एक, पत्रकावर पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) ही अक्षरं एवढी मोठी छापलीत की माणसाला वाटावं क्लास संपला की पीएमपी हातात. तसं नाहीये भाऊ. ती पीएमआय या अमेरिकेतल्या संस्थेची परीक्षा आहे, चार वर्षांची डिग्री असली तरी प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचं ट्रेनिंग दाखवावं लागतं, आणि मग फी भरून परीक्षा. क्लासचं सर्टिफिकेट फार तर त्या तासांसाठी धरता येईल, तेही किती तास लिहून देणार ते आधी कागदावर घ्या. तसं 2021 मध्ये लागू झालेल्या आराखड्यात त्या परीक्षेतला माणसांचा भाग 42 टक्के होता, म्हणजे सरांचे रविवार तिथेही वाया जात नाहीत.

फी दोन हप्त्यांत देता येते, मागितलं तरच सांगतात. चहा बरा असतो. चारचाकी नेऊ नका, लावायला जागा नाही.