स्टिरिओची ‘स्पेशल लाइन’: दिसतं तेवढंच जाड

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका घरी स्टिरिओसाठी ‘स्पेशल लाइन’, म्हणजे वेगळी वायर, ओढून दिली गेली. बिलात 4 चौ. मि.मी. तांब्याची वायर, वेगळं अर्थिंग, 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप उडणारा स्विच). अँप्लिफायरचं हमिंग, म्हणजे सततची घूंघूं, मात्र जाईना, उलट वाढलं. सॉकेट उघडलं तर मागे वीतभर 4 ची वायर, पाइपाच्या तोंडाशी टेप गुंडाळलेला जोड आणि पुढे घरातली जुनी दीड चौ. मि.मी.ची वायर. डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या वीजपेटीच्या) टोकालाही तसाच वीतभर तुकडा.

हे भिंत न फोडताही कळतं. नव्या सॉकेटवर 1500 वॉटची किटली चालू ठेवायची आणि डीबीवर व सॉकेटच्या स्क्रूवर एकाच वेळी दोन व्होल्टमीटर लावायचे; दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायरीत पडलेले व्होल्ट. मोजणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या, आणि ज्याने ही लाइन ओढली तोच नको. 15 मीटर अंतराला 4 च्या वायरीत साधारण 1 व्होल्ट पडतो, दीडच्या वायरीत अडीचच्या वर. वायरीचं टोक ब्लेडने खरवडून बघा. वरून लाल आणि आत पांढरी चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम.

‘6 ची टाकतो, आवाज खुलेल’ असंही सांगतात. ती वायर सॉकेटच्या टर्मिनलमध्ये अनेकदा नीट बसत नाही, मग चार-पाच तारा पक्कडीने छाटतात, आणि तिथंच सॉकेट तापतं. घरगुती अँप्लिफायर 2-3 अँपिअरच्या वर क्वचितच जातो. 16 अँपिअरच्या सॉकेटला एमसीबीही 16 चाच हवा, सी प्रकारचा. बी प्रकारचा मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या झटक्याला उडू शकतो.

सगळ्यात वाईट खेळ अर्थिंगचा. त्या भागात दोन-तीन फुटांवर जांभा लागला की अर्थिंगचा अडीच-तीन मीटरचा रॉड आत जात नाही. मग हॅकसॉने कापतात आणि वर दिसणारं टोक क्लॅम्प लावून झाकतात. त्यात ‘शुद्ध आवाजासाठी’ तो रॉड घराच्या मुख्य अर्थला जोडतच नाहीत. हिशोब करा: रॉडचा रोध 10 ओहम धरला तरी फेज बॉडीला लागल्यावर 23 अँपिअरच वाहणार. सी-16 एमसीबी तत्काळ उडायला किमान 80 लागतात, तोवर अँप्लिफायरच्या पत्र्यावर करंट. म्हणून नवा रॉड मुख्य अर्थला जोडलेलाच हवा आणि लाइनवर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवी. ती सारखी उडते म्हणून कुणी काढून टाकली, तर सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळलेत का ते आधी तपासा.

गंमत म्हणजे त्या घरातलं हमिंग सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येत होतं. केबल उपसली, आवाज बंद. पैसे मोजण्याआधी एवढं करून बघायला दोन मिनिटं लागतात.

बिल कन्नडमध्ये असो की मराठीत, त्यात चौ. मि.मी. आणि मीटर दोन्ही लिहून घ्या. 15 मीटरला फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून 45 मीटर वायर लागते, वळणांची थोडी जास्त. दुकानात ती मीटरवरही मिळते. त्या बिलात मात्र तीन रंगांची 90 मीटरची तीन कॉइलं होती.