आठ महिने, दोन कनेक्शन आणि एक कापसाची गाडी

राहायला जळगावात खोटेनगरकडे, भाड्याने. संशोधन बांभोरीला विद्यापीठात, शिवाय एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे नेट घरी लागतंच, आणि खिसा तासिकेवाल्याचा.

जुलैत आधी एका मोठ्या कंपनीचं बिनवायरचं, गच्चीवर डबा लावतात ते घेतलं. डाउनलोड शंभर एमबीपीएसच्या घरात, मी खूश. पण ऑनलाइन तास घेताना पोरं म्हणायची, "सर, आवाज तुटतोय." मोजलं तर अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा वेग, संध्याकाळी दोन-तीनवर यायचा. शिकवणाऱ्याला लागतो अपलोडच, आणि जाहिरातीत त्याचा आकडा कुठेच नव्हता. दोन महिन्यांत डबा परत.

मग गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर. ५० एमबीपीएस, अपलोडही तेवढाच, ४९९ वर १८ टक्के जीएसटी धरून महिना ५८९ रुपये. (एमबीपीएसमधला बी बिटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणून ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, पन्नास नव्हे. रूममेटला हे अजून पटलेलं नाही.) घेण्याआधी एक विचारलं ते बरं झालं: फायबर घरापर्यंत की बिल्डिंगपर्यंतच? बिल्डिंगपर्यंतच असेल तर पुढची वायर जिन्यातल्या स्विचमधून येते, आणि लाइट गेली की तो स्विचही बंद. माझं घरापर्यंत आहे. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, लाइट गेली तरी तीनेक तास निघतात.

डिसेंबरात मात्र गंमत झाली. कापसाने फुगलेली गाडी गल्लीत शिरली आणि खांबावरची वायर ओढून घेऊन गेली. घरातल्या फायबरच्या बॉक्सवर एलओएसचा, म्हणजे सिग्नलच येत नसल्याचा, लाल दिवा. केबलवाल्याला फोन केला तर, "लाल आहे ना सर? मग वायरच गेली भो, येतो." आला दुसऱ्या दिवशी दुपारी, हा त्याचा उणा गुण. पण काम बघण्यासारखं! केसाएवढी काच सोलली, स्पिरिटने पुसली, मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर धरली, ठिणगी पडली, सांधा जुळला. मीटरवर उणे १९ डीबीएम, म्हणजे वायरमधून प्रकाश किती पोचतो त्याचं माप. उणे २७ च्या खाली गेलं की बॉक्स रडायला लागतो, म्हणाला.

राउटर आधी हॉलमधल्या लोखंडी कपाटामागे होता, मागच्या खोलीत नेट मरायचं. वर भिंतीवर टांगला, काम झालं. भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झच घ्या, ५ वालं जवळ बसणाऱ्यासाठी.

संशोधनवाल्यांनो, विद्यापीठाच्या वर्गणीतली जर्नल घरून थेट उघडली नाहीत तर नेटला शिव्या देऊ नका. प्रकाशक विद्यापीठाचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, बघतो. ग्रंथालयातून रिमोट लॉगिन मिळतं का ते विचारा. शोधगंगेवरचे (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) प्रबंध कुठूनही उघडतात.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका, स्वस्त पडत असलं तरी. मे महिन्यात आपण कोण इथे असतो? मी केबलवाल्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "महिनाभर बंद ठेवतो ना सर. फक्त बॉक्स गावाला घेऊन जाऊ नका भो."